चंद्राआक्काच्या तलंगा

एक दिवसाचं पिल्लू चंद्राआक्का कधी पंखाला धरून उचलायची नाही. तळहात जमिनीला टेकवायची, पिल्लू आपण होऊन वर चढेपर्यंत थांबायची आणि मग हात डोळ्यांसमोर आणून त्याची पाठ बघायची. बघायला तिला एक श्वास पुरायचा. "तलंग," ती म्हणायची, आणि पिल्लू डाव्या डालग्यात जायचं. "गडी," की उजव्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. गावठी पिल्लांत नर कुठला आणि मादी कुठली हे कळायला महिना-सव्वा महिना जातो. आक्काला पहिल्याच दिवशी कळायचं.

"इतक्या लवकर कसं ओळखतेस?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं. "पिल्लू बोलत न्हाय, पर पाठ लपवीत न्हाय."

त्यात जादू नव्हती. तिच्या कोंबड्यांची जातच तशी होती. लेगबार नावाची, परदेशी. मादी पिल्लाच्या पाठीवर खारीसारखा गडद पट्टा असतो आणि डोक्यावर पांढुरका बारीक ठिपका. नर पिल्लू फिकं असतं, पट्टा पुसून टाकल्यासारखा आणि डोक्यावरचा ठिपका मोठा, पसरट. या ठिपक्याला आक्का टिकली म्हणायची. आणि या कोंबड्या अंडी घालायच्या ती निळी. आभाळासारखी नव्हे, धुऊन धुऊन विटलेल्या शाळेच्या शर्टासारखी निळी.

पणदरे गावात तिचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक मेंदीचं कुंपण होतं. कुंपणाच्या आमच्या बाजूला पत्रकं होती. माझे वडील, अण्णा, उभ्या आयुष्यात पत्रकं काढत आले: साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांसाठी, पाण्याच्या पाळीसाठी, बुवाबाजीविरुद्ध. मी अक्षरं शिकले ती त्या कागदांवर, आणि माझं नाव त्यांनी क्रांती ठेवलं. आक्का मला किरांती म्हणायची. जगातल्या प्रत्येक अन्यायाला एक पत्रक लागतं, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं. अजूनही बऱ्यापैकी वाटतं.

कोंबड्या तिच्याकडे आल्या त्या कालव्याकाठच्या एका फार्महाउसवरून. पुण्याच्या मालकानं हौसेनं आणल्या, वर्षभरात हौस फिटली, आणि त्यानं रखवालदाराला सांगितलं, कुणाला तरी देऊन टाक. आक्का तिथे आठवड्यातून दोनदा झाडलोट करायला जायची. एक कोंबडा आणि पाच कोंबड्या घेऊन ती चालत घरी आली. जातीचं नाव रखवालदारानं सांगितलं होतं, ते तिनं वाटभर घोकलं.

त्याआधी बारा वर्षं ती हमरस्त्याकडच्या एका हॅचरीत पिल्लं निवडायच्या टेबलावर होती. तिथे पांढरी पिल्लं यायची, सगळी एकसारखी. पंख ताणून पिसांची लांबी बघायची, मादी या क्रेटमध्ये, नर त्या क्रेटमध्ये. नरांचा क्रेट मागच्या दारानं जायचा. अंड्यांसाठी पाळायच्या जातीत नराचा धंद्याला उपयोग नसतो. तो अंडी देत नाही आणि अंगानंही भरत नाही. मागच्या दारापलीकडे पिल्लं भरडायचं यंत्र होतं, ते टेबलावरच्या सगळ्या बायकांना माहीत होतं. बघायला कुणी जायचं नाही.

हे तिनं मला एका दुपारी ज्वारी निवडता निवडता सांगितलं, आवाज न बदलता. मी घरी धावले आणि तासाभरात पत्रक लिहिलं. मथळा होता 'जन्माला आल्याचा गुन्हा'. संध्याकाळी तिला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं लिवलंयस," ती म्हणाली. "छापू नगंस."

"का?"

"त्या टेबलावर अजून सोळा बाया हाईत. उद्या तितं कुणी चौकशीला आलं तर मालकाला काय न्हाय होत. टेबल बंद हुईल. त्या बायांनी मंग काय करायचं, ते तुझ्या कागदात न्हाय."

"आक्का, तू घाबरतेस."

"व्हय. घाबरती. त्यांच्यापायी."

मी भांडले. दोन दिवस कुंपणाकडे फिरकले नाही. ते पत्रक अजून माझ्याकडे आहे, न छापलेलं. तिचं बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण सोळा बायकांचं काय करायचं, ती ओळ मला अजून लिहिता आलेली नाही.

तिनं स्वतः मात्र एक केलं. तिच्याकडे उजव्या डालग्यातलं एकही पिल्लू मागच्या दारानं गेलं नाही. नर ती पोसायची. तुरा लाल व्हायचा, बांग फुटायची, मग कुणी जेवणावळीला न्यायचं, कुणी जत्रेला. "मरायचंच हाय," ती म्हणायची, "पर कोंबडा हून मरावं. भुसा हून न्हाय."

निळ्या अंड्यांनी सुरुवातीला तिला बाजारात चांगलंच छळलं. बारामतीच्या आठवडे बाजारात ती टोपली घेऊन बसली की लोक गोळा व्हायचे आणि कुणी घ्यायचं नाही. एकानं अंडं थुंकी लावून चोळलं. दुसऱ्यानं शेजारच्या गाड्यावरचं लिंबू आणून घासलं. तिसरा म्हणाला, "कोंबडीला इंजेक्शन देत्यात ह्ये लोक."

आक्कानं त्याच्याच हातातलं अंडं घेतलं, वाटीत फोडलं आणि टरफल उलटं करून त्याच्यापुढे धरलं. टरफल आतूनही निळं होतं.

"वरनं रंग दिला आसता तर आत कसा गेला आसता, पाव्हणं? आन इंजेक्शनचं म्हणाल, तर तुमच्या मिशीला दिलंय तसलं आमच्यात न्हाय मिळत."

माणसाची मिशी कलपाची होती. लोक हसले, टोपली रिकामी झाली.

पुढे पुण्याचा एक दुकानदार आला. या अंड्यांवर 'शुगरवाल्यांसाठी खास' अशी चिठ्ठी लावून विकू, तुम्ही फक्त हो म्हणा, असं त्याचं म्हणणं. आक्कानं त्याला चहा पाजला. चहा संपल्यावर म्हणाली, "अंडंच हाय, दादा. निळं हाय, इतकंच. बाकी तुमी म्हणताय त्यातलं कोंबडीला काय ठावं न्हाय." तो गेला तो पुन्हा आला नाही.

तिचं नाव झालं ते अंड्यांमुळे नव्हे, तलंगांमुळे. ज्यांच्याकडे जागा थोडी, त्यांना कोंबडे नको असतात. पिल्लं घ्यावीत आणि निम्मे कोंबडे निघावेत, हा आमच्या भागातल्या बायकांचा नेहमीचा अनुभव. आक्का आठवड्याचं पिल्लू द्यायची आणि सोबत शब्द द्यायची: "तलंग म्हणून दिली म्हंजी तलंग. गडी निघाला तर एकाच्या दोन तलंगा दीन." तीन वर्षांत कुणाला दोन द्यायची वेळ आली नाही. लोक मोरगावहून यायचे, इंदापूरकडून यायचे. कागद नाही, पावती नाही. मला याचा फार अभिमान वाटायचा, जणू तो शब्द आमच्या अण्णांनीच छापला होता.

आमच्या पलीकडे भानुदासतात्यांचं घर. डेअरीला दूध घालायची त्यांची पिकअप होती. त्या वर्षी त्यांच्या बायकोचं, सरूकाकीचं, हृदयाचं ऑपरेशन झालं. ती दवाखान्यातून स्वतःच्या पायांनी चालत घरी आली तर म्हसोबाला कोंबडा देईन, असं तात्या बोलले होते. काकी चालत आली. मार्गशीर्षात तात्यांनी एक तांबडा कोंबडा म्हसोबाच्या नावानं सोडला. चैत्रातल्या जत्रेपर्यंत तो देवाचा. त्याला कोंडायचं नाही, हुसकायचं नाही, काठी उगारायची नाही. तो कुणाच्याही दारात जाईल, काहीही खाईल.

तांबड्यानं आक्काचं अंगण पसंत केलं.

"पकड आणि तात्यांच्या दारात नेऊन बांध," मी म्हणाले. नवसावर अण्णांची तीन पत्रकं होती, तिन्ही मला पाठ होती.

"मला पटतंय तुझं," आक्का म्हणाली. "पर सरूचं टाकं अजून ओलं हाईत. कोंबड्याला कुणी दोरी लावली म्हणून तिला कळलं तर ती रातभर छातीला हात लावून बसंल. तिला आधी बरी हू दे. मंग तुझा कागद वाचून दाखीव."

आळीतल्या म्हाताऱ्यांचं एक म्हणणं होतं, की देवाला सोडलेला कोंबडा संसारातून उठतो, कोंबडीच्या वाटेला जात नाही. आक्का हे ऐकून हसायची. पण तिनंही ते थोडंफार मानलं असावं. कारण पौषात तिच्या स्वतःच्या कोंबड्याचा पाय तारेत फाटला, तेव्हा तिनं त्याला दोन आठवडे गोठ्यात बांधलं आणि कोंबड्या अंगणात मोकळ्याच ठेवल्या. कोंडल्या तर अंडी थांबतात, आणि तांबडा तर देवाचा.

त्या दिवसांतली अंडी तिनं उबवायच्या मशीनमध्ये ठेवली. माघात बेचाळीस पिल्लं निघाली. एरवी निम्मी गडद, निम्मी फिकी. या खेपेला फिकी फक्त सहा.

"छत्तीस तलंगा," आक्का म्हणाली, दोनदा मोजून. ती खूश होती, मीही खूश होते. पळसदेवच्या बचत गटाच्या बायकांनी तीस तलंगांची मागणी केली होती, ती एका खेपेत भागणार होती. गडदांपैकी काहींच्या डोक्यावर टिकलीच नव्हती. त्यांच्यापाशी ती जराशी थबकली. "ह्या बिनटिकलीच्या निघाल्या," ती म्हणाली. "आसू दे. नवी फ्याशन."

आठवड्यानं पळसदेवची मंगल येऊन तीस पिल्लं घेऊन गेली. मंगल गटाची प्रमुख. उजनीच्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्या घरातली, तिशीतली, बोलायला मोकळी. गटातल्या बायकांचा हा पहिलाच उद्योग होता आणि घरातले पुरुष हसत होते. "आमाला कोंबडं नकोत हां आक्का," ती जाता जाता म्हणाली. "वरडाया आमच्या घरात माणसं हाईत." आक्कानं तिला शब्द दिला, एकाच्या दोनचा, नेहमीसारखा.

महिन्यानं एका सकाळी आक्कानं मला कुंपणावरून हाक मारली. घरी ठेवलेल्या सहा गडद पिल्लांपैकी एक तिच्या हातात होतं.

"किरांती, ह्ये काय हाय, सांग."

पिल्लाचा तुरा लालबुंद झाला होता, पाय जाड, मान ताठ.

"कोंबडा."

"मी काय म्हणून ठिवला हुता?"

ती पाण्याच्या टाकीच्या कडेवर बसली. सहातले दोन गडी होते. ती अंगणाकडे बघत होती. तिथे तांबडा तिच्या कोंबड्यांच्या घोळक्यात उभा राहून पाय झाडत होता.

"देवाला सोडला म्हणून गडी काय संन्याशी झाला व्हय," ती पुटपुटली. पण हसली नाही.

मी पुस्तकं उघडली, वहीत रेघा मारल्या आणि दुपारपर्यंत उलगडा झाला. शुद्ध जातीत नर पिल्लाला टिकलीचा वारसा आई-बाप दोघांकडून मिळतो. दुप्पट मिळतो म्हणून तो फिका. मादीला तो फक्त बापाकडून मिळतो, म्हणून ती गडद, टिकली बारीक. तांबड्याकडे तो वारसाच नव्हता. त्यामुळे त्याच्या मुलग्यांना फक्त आईचा वाटा मिळाला, आणि ते गडद पाठीचे, बारीक टिकलीचे झाले. त्याच्या मुलींना काहीच मिळालं नाही. त्या बिनटिकलीच्या. बांधण्याआधीच्या मीलनाचा परिणाम कोंबडीत आठ-दहा दिवस टिकतो, म्हणून काही पिल्लं आक्काच्याच कोंबड्याची निघाली होती.

आक्कानं नीट ऐकून घेतलं. "म्हंजी गड्यांनी भैनीचं लुगडं नेसलंय," ती म्हणाली. मग बोटं मोजू लागली. मंगलला दिलेल्यांत बिनटिकलीच्या दहाएक होत्या. जेवढ्या त्या, तेवढेच त्यांचे भाऊ. म्हणजे दहाएक गडी तलंग म्हणून पळसदेवला गेले होते.

तिच्याकडे आधीच्या खेपेच्या अठरा तलंगा होत्या, आठ-पंधरा दिवसांत अंड्यावर येतील अशा. तिचा पुढचा सगळा कळप त्यांच्यावर उभा राहणार होता. दहा गड्यांना वीस तलंगा लागणार. कळप द्यावा तर पुरत नव्हता, न द्यावा तर शब्द जात होता. तीन दिवस ती ताटावरून उठून जात राहिली. कोंबड्यांना दाणे टाकायची आणि स्वतः जेवायची नाही.

तात्यांना कळलं तसे ते आले, दारातच उभे राहिले. "बाई, कोंबडा माजा. पर तितं कुणाला काय कळतंय? म्हणायचं, तुमच्यातच पिल्लं बदलली. गावात कोंबड्या काय कमी हाईत?"

आक्का सूप पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "तात्या, नवस तुमी म्हसोबाला बोलला. चैतात दुसरंच मुंडकं न्याल आन म्हणाल का, देवा, तुमच्यातच बदललं?"

तात्या दारातूनच परत फिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीचे कॅन उतरवून त्यांची पिकअप आक्काच्या दारात उभी राहिली. अठरा तलंगा दोन डालग्यांत भरून त्यांनी आम्हाला बारामतीच्या स्टँडवर सोडलं. डालगी स्वतः एसटीत चढवली. "येतो," म्हणाले, आणि मागे न बघता गेले.

भिगवणला गाडी बदलून आम्ही पळसदेवला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. उजनीचं पाणी मागे सरत चाललं होतं, जुन्या देवळाचं शिखर वर आलेलं होतं. मंगलच्या अंगणात गटाच्या सात-आठ बायका मासे निवडत बसल्या होत्या. बाजूला मंगलची सासू जाळं विणत होती. आक्कानं पाणीसुद्धा घेतलं नाही. डालगी खाली ठेवली आणि उभ्याउभ्याच बोलली.

"माझी चूक झालीया. तुमाला तलंगा म्हणून दिल्या त्यांत गडी हाईत. किती ते मला ठावं न्हाय. दहा आसत्याल."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मंगल हसली. "आठ हाईत. चार दिस झालं, येगळं काढल्यात."

"मग फोन का नाही केला?" मी विचारलं.

मंगलनं सासूकडे बोट दाखवलं. सासूनं सुईवरची नजर हलवली नाही. "मीच नगं म्हणलं. म्हणलं, बगू बाई आपनहून येती का."

आठ. आक्काचे ओठ हलले. सोळा. तिच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरल्यासारखं मला दिसलं.

मंगल म्हणाली, "आक्का, एवढ्या उन्हाचं आलासा, तितंच सगळं आलं. एकाला एक द्या, झालं."

"दोन," सासू म्हणाली.

"आत्याबाई, आवो—"

"दोन बोलली हुती न्हवं? मंग दोनच घ्या. आज तुमी कमी घेतलं तर उद्या ती कमीच बोलंल, आन आपुन बी कमीच ऐकू."

माझ्या डोक्यात आग गेली. एका गरीब बाईचा अख्खा कळप मोकळा करणारं हे कसलं तत्त्व? मी तोंड उघडलं. आक्कानं तेवढ्यात डालग्याचं जाळं सोडलं होतं. ती एकेक तलंग उचलून मंगलच्या हातात देत होती आणि मोठ्यानं मोजत होती. सोळाला थांबली.

"गडी परत नेऊ का?" तिनं विचारलं.

"ऱ्हाऊ द्यात," सासू म्हणाली. "हायवेच्या हाटेलला चालत्यात."

"मोठं झाल्याबिगर कापायचं न्हाय. एवढं माझं ऐका."

सासूनं पहिल्यांदा वर बघितलं. "आमी मासा बी ल्हान आसला तर पाण्यात सोडतो, बाई."

त्यावर आक्का खाली बसली आणि पाणी मागितलं. दोन तांबे प्याली. मग तिला भाकरी आणि चिलापी माशाचं कालवण वाढलं. तीन दिवसांची भूक तिनं तिथे काढली. सासू तिला काटे कसे काढायचे ते शिकवत होती आणि आक्का तिला पिल्लाची पाठ कशी वाचायची ते. निघताना दोघी एकमेकींच्या नातवंडांची नावं विचारत होत्या.

हमरस्त्यावर एसटीची वाट बघताना मी म्हणाले, "म्हातारीनं तुला लुटलं. माफ करायला काय झालं होतं तिला?"

"माफ केलं आसतं तर मी जलमभर तिच्या दारानं खाली मान घालून गेली आसती," आक्का म्हणाली. "तिनं घेतल्या, बरं झालं. आता मी मोकळी."

"आणि तुझ्याकडे काय उरलं?"

"दोन तलंगा, घरची पिल्लं, पाच म्हाताऱ्या आन एक लंगडा." तिनं डालग्यात डोकावून बघितलं. "लई झालं. सुरवातीला तरी काय हुतं?"

त्या पावसाळ्यात मला नाशिकला नोकरी लागली. मी परत आले तोवर आक्का मुलीकडे करमाळ्याला गेली होती, कोंबड्यांसकट. फोनवर बोलणं होतं. ती ठीक आहे, दात दुखतो म्हणते. मंगलच्या गटाकडे आता शंभरावर लेगबार आहेत आणि एकाच्या दोनचा शब्द तिथेही दिला जातो, असं ऐकते. पण माझ्या डोळ्यांसमोर आक्का येते ती त्या परतीच्या गाडीतली.

ती खिडकीशी बसली होती. भिगवण सोडून दहा मिनिटं झाली नसतील, तिची मान कलली. तोंड किंचित उघडं, पदर घसरलेला, हात तळव्यासकट उताणे मांडीवर पडलेले. डालगं मी माझ्या पायांत घेतलं. आतल्या दोघी अधूनमधून कुरकुरत होत्या. खड्डे आले, गाडी थांबली, लोक चढले-उतरले, शेजारच्या पोरानं मोबाइलवर गाणी लावली. आक्का हलली नाही. बारामतीचा स्टँड आला. गाडी रिकामी झाली. कंडक्टर मागून येत म्हणाला, "आवो, मावशींना उठवा, गाडी डेपोत घ्यायचीय."

"दोन मिनिटं झोपू द्या," मी म्हणाले.

त्यानं आक्काकडे बघितलं, डालग्याकडे बघितलं, आणि तिकिटांचा हिशेब करायला पुढच्या सीटवर जाऊन बसला.